तिसरा थवा

१

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ज्या बाई अळ्या मोजत, त्यांना सगळे अळीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे अळीबाई. त्यांना ते ठाऊक होतं. “बावीस वर्षं अळ्या मोजल्यावर लोक काय महाराणी म्हणणार?” असं त्या स्वतःच म्हणत आणि हसत.

काम साधं होतं. शहराला पाणी जायचं ते एका मोठ्या तलावातून. आठवड्यातून दोनदा तळाचा गाळ डब्यात भरून यायचा. बाई तो बारीक चाळणीवर धुवायच्या, पांढऱ्या ताटात ओतायच्या आणि वाकून बसायच्या. आधी ताटात काहीच दिसत नसे. मग नजर बसली की पाण्यात काळे ठिपके दिसू लागत, आणि त्यांच्या मागे चार चंदेरी टिकल्या. ठिपके म्हणजे डोळे, टिकल्या म्हणजे अंगातल्या हवेच्या पिशव्या. बाकीची अळी काचेसारखी आरपार. असून नसल्यासारखी.

ही एका चिलटाची अळी. दिवसा ती गाळात दडून बसते, कारण उजेडात मासे टिपतात. अंधार पडला की पिशव्या फुगवून वर येते, आपल्याहून बारीक जीव धरून खाते आणि उजाडायच्या आत खाली जाते. पुढे तिचा कोष होतो, कोष पृष्ठभागावर येऊन उलतो आणि चिलट उडून जातं. पाण्यावर त्याची कात तेवढी तरंगत राहते. त्या चिलटाला पुढे तीन-चार दिवसांचं आयुष्य. ते चावत नाही, जवळजवळ काही खातही नाही. जमून नाचतं, अंडी घालतं आणि मरतं.

एके वर्षी एका घरी नळातून अळी आली. त्या घरच्या गृहस्थाने ती बाटलीत घालून थेट साहेबांच्या टेबलावर आणून ठेवली. बाटलीत अळी शोधायला साहेबांना दहा मिनिटं लागली आणि ती सापडल्यावर ते जेवले नाहीत. तेव्हापासून बाईंच्या मागे आणखी एक काम लागलं. उन्हाळ्याचे दोन महिने, रोज संध्याकाळी, प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून चिलटांचे थवे मोजायचे.

२

थवा म्हणजे नरांचा नाच. वारा पडला की हजारो नर एका जागी जमतात आणि हवेतल्या हवेत वर-खाली होत राहतात. मादी त्यात शिरते, एकाला घेऊन निघून जाते. लांबून पाहिलं तर धुराचा खांब उभा आहे असं वाटतं. पण हा खांब रिकाम्या जागी उभा राहत नाही. त्याला खाली काहीतरी खूण लागते. खुंट, झुडूप, कठड्याचा कोपरा. माणूस असला तर माणसाचं डोकं. डोक्याच्या वर हातभर अंतर ठेवून थवा उभा राहतो आणि माणूस चालू लागला की तोही चालू लागतो. ज्याच्या डोक्यावर असतो त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो, कारण जवळून तो दिसत नाही. लांबूनच दिसतो.

म्हणून बाईंनी वहीत तीन रकाने आखले होते. उभे थवे, चालते थवे, माणसं. शेवटचे दोन आकडे जुळले पाहिजेत, हा त्यांचा ताळा.

खिडकीसमोरच पूल होता. काठापासून निघून तो तलावात उभ्या असलेल्या गोल दगडी विहिरीपर्यंत जाई. पाणी उचलणारे पंप तिथे होते. त्या विहिरीला सगळे जॅकवेल म्हणत. साडेसहाला पाळी सुटली की पुलावरून दोघं काठाकडे येत. एक बाईंचा नवरा. तो पंपावर होता, उंच, अंगाने भरलेला आणि डाव्या गुडघ्याने अधू. दुसरे जॅकवेलचे रखवालदार, मामा. मामा बुटके, पण बोलणं उंच. दोघांच्या डोक्यावर दोन थवे, एक वर, एक खाली. नवऱ्याचा थवा दर दुसऱ्या पावलाला किंचित खचायचा, गुडघ्यामुळे. बाई खिडकीत बसून ते पाहत आणि हसत. ‘चालते थवे दोन, माणसं दोन,’ असं लिहीत.

पुलाच्या तोंडाशी, काठावर, दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. एकतीस पायऱ्या. त्या दिवसांत पाणी आटून सतराव्या पायरीपर्यंत गेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिथे, अगदी पाण्याच्या कडेला, बाईंना एक थवा दिसला. बुटका, जमिनीपासून दोन वीत वर. खाली खूण काही नव्हती. नुसती ओली पायरी.

बाईंनी ‘उभे थवे’ या रकान्यात एक आकडा वाढवला. काळी ओली पायरी फिकट दगडात उठून दिसत असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

३

दुसऱ्या दिवशी तो थवा एक पायरी वर होता. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

बाईंनी त्याचाही विचार केला. पाणी उतरतं तशी ओली पायरी बदलणार. पण पाणी दहा दिवसांत एक पायरी उतरत होतं, आणि उतरत होतं ते खाली. थवा चढत होता. शिवाय रोज तो जमिनीपासून थोडा जास्त उंच दिसत होता. पहिल्या दिवशी दोन वीत, मग गुडघाभर, मग कमरेएवढा.

चौथ्या दिवशी भर दुपारी त्या हातात टेप घेऊन पायऱ्यांवर गेल्या. दगड तापलेला. पाण्यावर कातींचा करड्या सायीसारखा थर साचला होता. त्यांनी प्रत्येक पायरी पाहिली, हात लावून पाहिली. तेलाचा डाग नाही, शेवाळ नाही, काडी नाही. मामा पुलावरून बघत होते.

“काय हरवलं काय, बाई?”

“काही नाही हो मामा. इथे संध्याकाळी कुणी बसतं का?”

“इथे? इथे कोण बसणार? बसायला बायकोशी भांडण व्हावं लागतं, आणि माझी तर मला भांडूही देत नाही.”

“मग इथे काही ठेवलेलं असतं? बादली, दोर?”

मामा खाली आले आणि त्यांनीही बाईंच्या शेजारी उभं राहून पायरी पाहिली. मग म्हणाले, “तुम्ही त्या काचेच्या अळ्या बघता ना दिवसभर. मी एकदा बघितल्या तर दोन दिवस मला भातातसुद्धा डोळे दिसत होते. थोडी सुट्टी घ्या.”

बाई हसल्या आणि वर आल्या. त्या संध्याकाळी थवा मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून एकदम सगळ्यात वरच्या पायरीवर होता, पुलाच्या तोंडाशी.

४

त्यानंतर दोन दिवस वारा होता. वाऱ्यात थवे जमत नाहीत, त्यामुळे वहीत दोन ओळी कोऱ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी वारा पडला.

साडेसहाला पाळी सुटली. पुलावरून नवरा आणि मामा निघाले, नेहमीसारखे बोलत. मामा हात उडवत होते, नवरा मान हलवत होता. दोघांत तीन-चार हातांचं अंतर होतं. एरवी ते खांद्याला खांदा लावून चालत, कारण पूल अरुंद. बाईंच्या ते आधी लक्षात आलं, आणि मग थवे लक्षात आले.

एक थवा उंच, नवऱ्याच्या डोक्यावर. एक खाली, मामांच्या डोक्यावर. आणि त्या दोघांच्या मधे, दोघांबरोबर त्याच चालीने पुढे येणारा तिसरा.

बाईंनी चष्मा पुसला. नंतर दुर्बीण लावली. तिसऱ्या थव्याखाली कठड्याचे गज दिसत होते, गजांच्या पलीकडे पाणी दिसत होतं. मधे काही नव्हतं.

दोघं काठाला पोचले. मामा गेटकडे वळले, त्यांचा थवा विरला. नवरा क्वार्टरकडे वळला. तिसरा थवा पुलाच्या तोंडाशी उभा राहिला, जसा कुणी निरोप देऊन उभा राहतो. अंधार पडेपर्यंत तो तिथेच होता.

वहीत बाईंनी लिहिलं, ‘चालते थवे तीन, माणसं दोन.’ आणि त्याखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. बावीस वर्षांत त्यांच्या वहीत प्रश्नचिन्ह कधी आलं नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, “अहो, आज पुलावरून तुम्ही आणि मामा असे लांब लांब का चालत होतात?”

“लांब लांब? छे.” नवऱ्याने घास मोडला. “चिकटून तर चालत होतो. त्यांचं ते जावयाचं पुराण. कानात बोलल्याशिवाय त्यांना सांगितल्यासारखं वाटत नाही.”

“मी खिडकीतून बघत होते ना. मधे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा होती.”

“मग घ्यायचं एखाद्याला मधे.” तो हसला. “अगं, लांबून तसं दिसत असेल. आणि आज भाजीत मीठ टाकायचं राहिलं का?”

मीठ टाकलेलं होतं. त्याला नेहमीच कमी वाटायचं. बाईंनी उठून मीठ आणून दिलं आणि विषय तिथेच संपला.

५

कुठल्याही गोष्टीचा छडा मोजमापाने लागतो यावर बाईंचा विश्वास होता. कठड्याचा प्रत्येक गज साडेतीन फूट उंच होता. त्या मापाने त्यांनी रोज थव्यांची उंची काढायला सुरुवात केली. मामांच्या डोक्यावरचा थवा साडेसहा फुटांवर सुरू व्हायचा. नवऱ्याच्या डोक्यावरचा साडेसात. तिसरा पहिल्या दिवशी सहा फुटांवर होता. मग सव्वासहा. मग साडेसहा. सातव्या दिवशी तो मामांना मागे टाकून सात फुटांवर गेला.

त्यांनी कारणं लिहून काढली. पुलाखालच्या गरम हवेचा झोत. दोन थव्यांमधून फुटून निघालेला तिसरा. कठड्याची सावली. प्रत्येक कारणापुढे त्यांनी ते खरं असेल तर काय दिसायला हवं तेही लिहिलं, आणि एकेक तपासून खोडलं. एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला मुद्दाम पुलाच्या मधोमध पाच मिनिटं उभं राहायला सांगितलं. “काय ही तुझी थेरं,” म्हणत तो उभा राहिला. कंटाळून डाव्या कठड्याला टेकला. तिसरा थवा उजव्या कठड्यापाशी गेला, त्याच्या अगदी समोर. तो वळला की थवा सरकायचा. समोरासमोर उभं राहून दोन माणसं बोलतात, तसं.

म्हणजे समोरचा त्याला नीट न्याहाळत होता. हे वाक्य बाईंच्या मनात आलं तसं त्यांनी झटकून टाकलं. न्याहाळायला डोळे लागतात.

नवव्या दिवशी तिसरा थवा साडेसात फुटांवर सुरू होत होता. त्या दिवशी नवरा चालू लागला तेव्हा बाई दुर्बिणीतून फक्त थव्यांकडे बघत होत्या. नवऱ्याचा थवा नेहमीप्रमाणे दर दुसऱ्या पावलाला खचत होता.

तिसराही खचत होता. दर दुसऱ्या पावलाला. डाव्या.

६

“थोडे दिवस पाळी बदलून घ्या,” त्या रात्री बाई म्हणाल्या. “सकाळची घ्या.”

“का?”

“मला बरं वाटेल म्हणून.”

“साहेबांना काय सांगू? चिलटं मागे लागलीत?”

“गुडघा दुखतो म्हणा. दुखतोच की.”

नवऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी उगीच हट्ट धरला नव्हता, हे त्याला माहीत होतं. “बरं,” तो म्हणाला. “चार दिवस घेतो. पण तुला झालंय काय ते सांग.”

बाईंनी सगळं सांगितलं. वही दाखवली. नवऱ्याने ती पानं उलटून पाहिली, आकडे पाहिले, प्रश्नचिन्हं पाहिली. तो हसला नाही. वही मिटून म्हणाला, “मला काही दिसलं नाही. पण हल्ली पुलावर चालताना...” आणि थांबला.

“काय?”

“काही नाही गं. चपलेचा आवाज डबल येतो. पुलाला भेग गेली असेल कुठेतरी. साहेबांना सांगायला हवं.”

पहिले दोन दिवस संध्याकाळी तो घरीच होता आणि तिसरा थवा पुलाच्या तोंडाशी, क्वार्टरच्या बाजूला, उभा राहिलेला बाईंना दिसला. तिसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. बाईंना एवढं हलकं वाटलं की खिडकी लावून त्या पाच मिनिटं आधीच घरी आल्या. नवरा दुकानात गेला होता. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकी सताड उघडी, खिडकीपाशी त्याची वेताची खुर्ची, तिच्या पाठीवर त्याचा ओला टॉवेल. हजार वेळा सांगूनही तो टॉवेल तिथेच टाकायचा.

बाई टॉवेल उचलायला गेल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. खुर्चीच्या वर वीस-पंचवीस चिलटं नाचत होती. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या हातभर वर. खोलीत त्यांचा तो एकसुरी, तारेसारखा बारीक आवाज भरला होता. आणि वेत करकरत होता. हळू, थांबून थांबून, कुणी बसल्या जागी अंग सैल करत असावं तसा.

बाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. चिलटं दिव्याकडे झेपावली. खुर्ची रिकामी होती. वेत संध्याकाळी हवा गार झाली की आपोआप करकरतो. ओला टॉवेल काळपट दिसतो, त्याचीच खूण झाली असणार. खिडकी उघडी होती, तलाव शंभर पावलांवर. सगळं जुळत होतं.

बाईंनी खिडकी लावली. खुर्ची उचलून मागच्या अंगणात नेली आणि ती तिथेच राहिली.

७

पाचव्या दिवशी साहेबांनी नवऱ्याला परत संध्याकाळच्या पाळीवर घातलं. दुसरा पंपवाला आजारी पडला होता. मामांचा पाय मुरगळला होता, म्हणून तेही रजेवर. म्हणजे पुलावरून येताना तो एकटा.

“आज नका जाऊ,” बाई म्हणाल्या.

“आणि शहराने काय प्यायचं? हवा?” नवऱ्याने डबा उचलला. दारात थांबून म्हणाला, “तू खिडकीत आहेस ना? मग झालं. काही वाटलं तर हाक मार.”

बाई सहालाच खिडकीत बसल्या. वारा नव्हता. पाणी तव्यासारखं सपाट होतं, कातींची साय काठाकाठाने साचली होती. साडेसहाला जॅकवेलचं दार वाजलं. नवरा बाहेर आला, कुलूप घातलं, खिडकीकडे बघून हात हलवला आणि चालू लागला.

दहा पावलांवर त्याच्या डोक्यावर थवा जमला. वीस पावलांवर दुसरा, त्याच्या शेजारी. तीच उंची, तीच चाल. दोघे एकाच वेळी खचत होते, एकाच वेळी वर येत होते. कुठला कुणाचा हे फक्त खाली माणूस होता म्हणून कळत होतं. पुलाच्या मधोमध नवरा थांबला. मान वळवून शेजारी बघितलं, जणू कुणी काहीतरी विचारलं. त्याचे ओठ हलले. दोन्ही थवे जवळ सरकले, इतके की मधली फट दिसेना.

बाईंनी खाली बघून वहीत ‘चालते थवे दोन’ लिहिलं. तीन शब्द लिहायला लागतो तेवढाच वेळ. मान वर केली तेव्हा नवरा पुढे चालू लागला होता. काठाकडे, लंगडत, डबा हलवत. संध्याकाळ अजून स्वच्छ होती. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

थवा मागे, पुलाच्या मधोमध होता. एकच. साडेसात फुटांवर.

बाई जिना उतरून धावत निघाल्या. गेटपाशी नवरा समोरून आला.

“कुठे निघालीस?”

“काही नाही. टेप राहिली पायऱ्यांवर.”

“लवकर ये. भूक लागलीय.” त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच जड, आणि क्वार्टरकडे वळला. बाईंनी मान वर करून पाहिलं. त्याच्या डोक्यावरची हवा मोकळी होती. बाईंच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र तो बारीक आवाज सुरू झाला होता.

त्या पुलाच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा थवा त्यांच्याकडे येत होता. सावकाश, दर दुसऱ्या पावलाला खचत. अरुंद वाटेवर माणसाला वाट द्यावी तशा बाई बाजूला झाल्या. थवा त्यांच्या अगदी जवळून गेला. खाली काही नव्हतं, पण त्यांच्या गालाला ओली गार हवा लागली. तो पायऱ्यांकडे वळला.

“अहो!” बाईंनी हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती.

थवा जागच्या जागी दचकला आणि थांबला.

चिलटांचे नर आवाजाने दचकतात. मिशांनी ऐकतात ते. गुणगुणलं तरी सबंध थवा हिसका खातो, हे बाईंनी स्वतः कितीदा पाहिलं होतं.

“काय गं?” मागून, क्वार्टरच्या दारातून, नवऱ्याचा आवाज आला. “बोलावलंस का?”

बाईंना मागे वळता येईना. थवा थोडा वेळ तसाच थांबला. मग उतरू लागला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. डावा पाय आधी, मग उजवा. गुडघा दुखणारा माणूस तसाच उतरतो. पाणी आता एकोणिसाव्या पायरीपाशी सुरू होत होतं. तिथे पाण्यावरची कातींची साय फाटली. दोन गोल भोकं पडली, पायांएवढी. ती पुढे सरकली, मोठी झाली, एक झाली. माणूस गुडघाभर पाण्यात गेला की पाणी असं बाजूला होतं. मग कमरेभर. साय दोन्ही बाजूंनी हटत होती आणि वर थवा तेवढा तेवढा खाली येत होता. शेवटी तो पाण्यापासून हातभर वर राहिला. तिथे क्षणभर सायीत डोक्याएवढं भोक होतं. त्यातून काळं पाणी दिसत होतं, आणि पाण्यात काहीतरी चंदेरी, वर येणाऱ्या बुडबुड्यांसारखं.

मग साय मिटली. खालची खूण गेली तशी चिलटं सैरावैरा झाली आणि विखुरली.

८

बाईंनी दुसऱ्या दिवशी काय केलं? कामावर गेल्या. पाण्यात माणूस उतरला असं कुणाला सांगणार, जेव्हा तो माणूस डबा घेऊन पंपावर गेलेला सगळ्यांना दिसत होता? तरी त्यांनी दोनदा पायऱ्यांपाशी गळ टाकायला लावला, “टेप पडली,” म्हणून. गाळ आला, अळ्या आल्या. बाकी काही आलं नाही.

महिनाअखेरीला वही साहेबांकडे गेली. साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “बाई, इथे माणसं एक आणि चालते थवे आधी दोन, मग खोडून शून्य. आणि उभा थवा पुलाच्या मधोमध? तिथे तर काहीच नाही.”

“वारा असेल,” बाई म्हणाल्या. तो त्यांनी दिलेला पहिला खोटा अहवाल.

वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली, दुसऱ्या शहरात, जिथे पाणी जमिनीखालून यायचं आणि दिवसभर कागदपत्रांचं काम असायचं. नवऱ्याने कुरकुर न करता मुदतीआधी निवृत्ती घेतली. नव्या घरात दोघांचं बरं चाललं. तो तसाच होता. गुडघा तसाच, भाजीला मीठ तसंच कमी, टॉवेल तसाच खुर्चीवर. जुन्या आठवणी त्याला बाईंपेक्षा जास्त होत्या. पहिल्या बाळंतपणात बाईंनी दवाखान्यात काय खायला मागितलं होतं, तेही त्याने सांगितलं. जबड्याच्या एका दातावरून ज्या बाई दोन जातींच्या अळ्या वेगळ्या ओळखत, त्या दोन वर्षं बघत होत्या आणि त्यांना एकही फरक सापडला नव्हता. कधी कधी रात्री त्याच्या श्वासाकडे कान देऊन त्या पडून राहत. श्वासही तसाच होता.

खात्री करणं सोपं होतं. कुठल्याही तळ्याकाठी, वारा नसताना, पाच मिनिटं. बाईंनी ती कधी केली नाही.

परवा लेक आली होती, माहेरपणाला. संध्याकाळी म्हणाली, “आई, बागेतल्या तळ्यावर फिरून येऊ या ना. बाबा, चला.”

“नको गं,” बाई म्हणाल्या. “चिलटं असतात तिथे.”

“असू देत की,” नवरा चपला शोधत म्हणाला. “मी रोजच जातो. तुझं आपलं काहीतरी. माझ्या तर ती जवळसुद्धा येत नाहीत.”

लेक हसली. तो दार उघडं धरून उभा राहिला. बाईंनी चपला घातल्या. लेक आणि बाबा बोलत पुढे गेले, बाई चार पावलं मागे. तळ्याभोवतीची वाट बाराशे चाळीस पावलांची आहे. बाईंनी ती सबंध, खाली बघत, मोजली. वर एकदाही पाहिलं नाही.